युद्धाच्या दिवसांत आधाराचा फोन: सीमाभागातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

तिकडे सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कितीतरी घरांत आधी बंद होतो तो फोन. लेक मराठा लाइट इन्फंट्रीत असो, बीएसएफमध्ये असो की सिग्नलच्या तुकडीत, इकडे 'स्विच्ड ऑफ' एवढंच ऐकू येतं. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबल्याची घोषणा झाली. मधल्या दिवसांत आपल्या भागावर बॉम्ब पडला नाही, पण टीव्हीसमोर बसलेल्या आयांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. युक्रेन, सुदान, इस्रायल, इराण इथे लढाई पेटली तेव्हा तिकडे शिकायला किंवा कामाला गेलेल्यांच्या घरीही हेच झालं.

अशा वेळी गल्लीतलं मंडळ, महिला मंडळ, माजी सैनिक संघटना किंवा कॉलेजची मुलं म्हणतात, 'आपण एक नंबर सुरू करू, लोकांना बोलायला कुणीतरी पाहिजे.' विचार चांगला आहे. पण तयारीशिवाय सुरू केलेला नंबर आठवड्यात अफवांचा अड्डा होतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणी उचलत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण रात्री अकराला फोन करणारं माणूस पुन्हा कुणालाच फोन करत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करा. तुमच्याकडे बातमी नाही आणि नसणारच. तुमच्याकडे वेळ आहे. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

१. आधीपासून चालू असलेले नंबर पाठ करा

तुमची लाईन हा मुख्य आधार नव्हे. मुख्य आधार टेली मानस, नंबर १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, वीस भाषांत बोलता येतं आणि त्यात मराठी व कन्नड दोन्ही आहेत. देशातलं सर्वोच्च केंद्र बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो आणि गरज पडली तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतो. पुढे प्रत्यक्ष डॉक्टर गाठायचा असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतात.

आपल्याकडे लोक इथेच अडकतात. सुरुवातीची सूचना कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आली की घाबरून फोन ठेवतात. फोन करणाऱ्याला आधीच सांगा: भाषा निवडायला सांगतील, थांबा, मराठी निवडा. समोरून कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं तरी 'मराठी' एवढा एक शब्द म्हणा आणि फोन धरून ठेवा. स्वयंसेवकांनी स्वतः एकदा लावून बघितल्याशिवाय दुसऱ्याला हा नंबर देऊ नये.

सैन्यातले जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) १ डिसेंबर २०२३ पासून टेली मानसचा वेगळा कक्ष आहे. १४४१६ वर बोलताना 'आमच्या घरचं माणूस सैन्यात आहे' हे सुरुवातीलाच सांगायला लावा.

बाकीचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

११२ ची आपल्या भागात एक अडचण आहे. निपाणी-कागल पट्टा, कागवाड-मिरज रस्ता किंवा खानापूरकडून चोर्ला घाट, इथे मोबाईल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि फोन तिकडच्या कक्षात जाऊ शकतो. म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा: 'कर्नाटक, बेळगाव जिल्हा, अमुक तालुका, अमुक गाव.' गावाच्या नावाने सुरुवात केली तर त्याच नावाचं गाव पलीकडे शोधण्यात वेळ जातो.

युद्ध पाचवीला पुजलेल्या देशांतही हे नंबर आखूडच ठेवलेत. इस्रायलमधली एरान ही संस्था १९७१ पासून फोनवर आधार देते, तिचा नंबर १२०१. युक्रेनमधल्या लाइफलाइनचा ७३३३. घाबरलेल्या माणसाला दहा आकडे आठवत नाहीत. तुमचा मोबाईल नंबर दहा आकडीच असणार, म्हणून प्रत्येक कागदावर त्याच्या वर १४४१६ छापा.

२. वेळ आणि माणसं

चोवीस तासांची लाईन काढू नका. झेपत नाही. संध्याकाळी ७ ते रात्री ११ ठेवा. याच वेळात वाहिन्यांवर आरडाओरडा चालतो, शेतातली आणि कारखान्यातली माणसं घरी आलेली असतात आणि अंधार पडला की जीव जास्त घाबरतो. ११ नंतर फोन करणाऱ्याला १४४१६ कळला पाहिजे. त्यासाठी कॉल फॉरवर्डिंगच्या भानगडीत पडू नका. लाईनची वेळ आणि १४४१६ पत्रकावर आणि फलकावर एकत्रच लिहा.

हिशेब असा. रोज चार तासांची एक पाळी, पाळीला दोन माणसं. आठवड्याला १४ जागा भरायच्या. एका माणसाने आठवड्यात दोनच पाळ्या कराव्यात, म्हणजे सात माणसं लागतात. आजारपण, लग्नकार्य, जत्रा धरून तीन जास्त घ्या. दहा जण जमले नाहीत तर दिवस कमी करा, माणसांवरचा बोजा वाढवू नका.

प्रत्येक पाळीत एक बाई असलीच पाहिजे. पुरुषाचा आवाज ऐकून बायका 'चुकून लागला' म्हणतात आणि ठेवतात. दोघांत मिळून मराठी, कन्नड आणि हिंदी किंवा दख्खनी बोलता आली पाहिजे. युद्धाच्या दिवसांत मुसलमान घरांतूनही फोन येतात आणि त्यांच्या भीतीत एक भीती जास्त असते, ती बाजारात आणि शाळेत ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्याची. ती तितक्याच शांतपणे ऐकून घेणारा माणूस नसेल तर लाईन सुरू करू नका.

कोणाला घेऊ नये? ज्याला सतत सल्ला द्यायचा असतो त्याला. जो गटांवर फॉरवर्ड पाठवत राहतो त्याला. ज्याच्या घरात महिन्याभरात मृत्यू झालाय त्याला सध्या विश्रांती द्या. ज्याचा सख्खा भाऊ किंवा मुलगा आज तिकडे तैनात आहे, त्याने नोंदी आणि चहापाणी सांभाळावं, फोन उचलू नये. माजी सैनिक या कामात फार मोलाचे असतात. फक्त त्यांना 'आमच्या वेळी कारगिलला' असं सुरू होण्यापासून थांबवावं लागतं.

पहिला फोन उचलण्याआधी किमान १२ तासांचं शिक्षण हवं, दोन रविवारांत होतं. शिकवायला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले समुपदेशक, समाजकार्य शिकवणारे प्राध्यापक किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतलं कुणी मिळतंय का ते विचारा. त्यातले सहा तास तरी एकमेकांना खोटे फोन लावून सराव करण्यात घालवा, पाठीला पाठ लावून, चेहरा न बघता.

३. सामान आणि कागदपत्रं

- लाईनसाठी वेगळं सिमकार्ड आणि साधा कीपॅडचा हँडसेट, दुसरा जादा. स्वतःचा मोबाईल कधीही वापरायचा नाही. सिम ज्याच्या आधारवर घेणार, त्याचं लेखी संमतिपत्र फाइलला ठेवा.
- १०,००० एमएएचची पॉवर बँक, दोन चार्जर, टॉर्च. हेस्कॉमची लाईट गेली किंवा ब्लॅकआउटचा सराव असला तरी फोन चालू राहिला पाहिजे. खिडकीला जाड काळा पडदा.
- बंद दाराची खोली. मंडळाच्या हॉलमध्ये कॅरम चालू असताना फोन घेता येत नाही.
- रकाने आखलेली वही, कुलपाचं कपाट.
- प्रत्येक स्वयंसेवकाच्या ओळखपत्राची प्रत, दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि गोपनीयतेचं सही केलेलं पत्र. वयाची अट किमान २१.
- तालुका रुग्णालय, पोलीस ठाणे, जवळचा मानसोपचार तज्ज्ञ आणि सैनिक कल्याण कार्यालय यांचे नंबर, दर महिन्याला लावून तपासलेले.
- ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, पोलीस ठाणे आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना दिलेल्या माहितीपत्राची पोच. हे पत्र कन्नडमध्येही द्या.

फलक लावणार असाल तर कर्नाटकात कन्नड मजकूर ६० टक्के आणि वरच्या बाजूला असावा लागतो. हा नियम समुपदेशन केंद्रांनाही आहे. फलक पहिल्याच दिवशी तसाच रंगवून घ्या. भाषेच्या वादात लाईन सापडली की फोन करणारा बिचकतो आणि त्याचं दुःख बाजूलाच राहतं. फलकाला जागाही विचार करून निवडा: पिठाची गिरणी, दूध डेअरी, रेशन दुकान, बस स्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह. शेवटच्या जागेचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, कारण तिथे नंबर वाचताना कुणी बघत नाही.

हँडसेटमधलं कॉल रेकॉर्डिंग बंद असल्याची खात्री करा. काही फोनमध्ये ते आपोआप चालू असू शकतं.

४. पहिलं मिनिट

तिसऱ्या रिंगच्या आत उचला. 'नमस्कार, मी ऐकतेय, बोला.' एवढंच. संस्थेचं नाव, अध्यक्षांचं नाव, काही नको.

नाव विचारू नका. 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' असं विचारा. आपल्याकडे माणूस लगेच सांगतं, 'आज्जी म्हण बाळ,' किंवा 'अक्का म्हणा.' वयस्कर माणसाला अहो-जाहो, काका, मावशी, तात्या. तरुण मुलाला 'भाऊ' चालतं, पहिल्याच वाक्यात 'अरे' नको. कन्नड माणूस असेल आणि तुमचं कन्नड कच्चं असेल तर 'सावकाश हेळ्री' (सावकाश सांगा) म्हणा. सावकाश हा शब्द दोन्हीकडचा आहे, समोरच्याला लगेच कळतं की हे आपल्याच मुलखातलं माणूस आहे.

मग तीन प्रश्न, याच क्रमाने: आत्ता कुठे आहात? जवळ कुणी आहे का? मोकळेपणाने बोलता येईल का? सासरच्या माणसांसमोर बसलेली सून 'हो, हो, बरं' एवढंच म्हणत असेल तर तिला 'हो' किंवा 'नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा आणि परत कधी बोलता येईल ते ठरवून घ्या.

नुसता मिस कॉल आला तर? परत फोन करण्याचा मोह होतो. करू नका. तो फोन घरातल्या दुसऱ्याच माणसाने उचलला तर ज्याने लपून फोन केला त्याची पंचाईत होते. 'कॉल बॅक चालेल' असं आधी स्पष्ट सांगितलं असेल तरच करा, तेही सांगितलेल्या वेळी.

५. ऐकणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

समजा फोनवर बाई म्हणते, 'लेकाचा फोन लागत न्हाई, चार दिवस झाले.' तुमच्या तोंडून आपसूक निघणार, 'काही होत नाही हो, देव आहे ना.' हे वाक्य गिळा. तिला ते शेजारणीने, भावाने, भटजींनी सांगून झालंय. त्यातून तिला एवढंच कळतं की याच्याकडेही आपल्या भीतीला जागा नाही. त्याऐवजी म्हणा, 'चार दिवस. म्हणजे रविवारपासून आवाज ऐकला नाही तुम्ही.' आणि गप्प बसा. दहा-पंधरा सेकंद. फोनवर पंधरा सेकंद फार लांब वाटतात, नव्या माणसाला सोसवत नाहीत. मनात आकडे मोजा. पुढचं तीच बोलते.

तिचेच शब्द तिला परत द्या. ती 'काळजात धस्स होतंय' म्हणाली तर तुम्ही 'एन्झायटी होतेय' म्हणू नका. 'कधी जास्त धस्स होतं, रात्री का?' असं विचारा.

काय काय घडलं ते खोदून काढू नका. घडलेलं सगळं एकदा ओकून टाकलं की मन मोकळं होतं, हा समज जुना आहे. तसं करायला भाग पाडणं उपयोगाचं नाही, उलट त्रास वाढू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ते नको म्हणते. माणूस आपणहून जेवढं सांगेल तेवढंच घ्या.

खोटी खात्री देऊ नका, पण खरी माहिती जरूर द्या. पुढच्या भागात मोबाईल जमा करून घेतात, नेटवर्क बंद ठेवतात, तुकडी हलली की संपर्क तुटतो. म्हणजे फोन न लागण्याची कारणं बरीच असतात. अशुभ घडलं तर निरोप युनिटकडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून येतो, टीव्हीवरून किंवा गटावरून नव्हे. पण 'म्हणजे तो सुखरूपच आहे' असं पुढे जोडू नका. ते तुम्हाला माहीत नाही.

आणि हे कधीही विचारू नका: कोणती बटालियन, कुठे पोस्टिंग, शेवटचा फोन कुठून आला. फोन करणारा सांगायला लागला तर थांबवा, 'मावशी, ते राहू दे, ते मला ठाऊक नसलेलं बरं.' वहीत तर एक अक्षर नको. अधिकाऱ्याचा आव आणून घरच्यांकडून अशी माहिती काढणारे फोन येतात. 'तुमचा मुलगा जखमी आहे, औषधाला पैसे पाठवा' असेही येतात. ती तक्रार १९३० ला.

युद्ध बरोबर की चूक, सरकार काय करतंय, यावर तुमचं मत फोनवर नको. समोरचा रागाने बोलला तर त्याचा राग ऐका, बाजू घेऊ नका.

६. धाप लागली असेल तर

रडणं थांबवू नका. पण श्वास वरच्यावर चाललाय, शब्द फुटत नाहीत, हातपाय गार पडलेत असं असेल तर बोलणं बाजूला ठेवा.

'पाय जमिनीला टेकलेत का? दोन्ही पाय फरशीवर दाबा.' मग तुम्ही स्वतः मोठ्याने श्वास घ्या, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. सहा-सात वेळा. समोरचा तुमच्या आवाजामागून येतो. नंतर खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं सांगायला लावा: तांब्या, कॅलेंडर, देव्हारा, जे असेल ते. मग घोटभर पाणी.

छातीत दुखतंय, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय, घाम सुटलाय, तर ती भीती आहे असं ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. १०८.

७. कोण फोन करतं

जवानाच्या घरातून आईपेक्षा बायको कमी फोन करते. ती सासू-सासऱ्यांना सावरण्यात गुंतलेली असते आणि स्वतः रडली तर अपशकुन म्हणतील ही धास्ती. तिच्याशी बोलताना 'तुम्ही खंबीर राहा' हे वाक्य पूर्ण वर्ज्य.

म्हाताऱ्यांना जुनी युद्धं आठवतात. १९६५, १९७१ किंवा १९९९ च्या युद्धात ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्या वीरपत्नी आणि वीरमातांना टीव्हीवरचा एक सायरन पुरतो. त्यांना तारखा पाठ असतात. ऐकून घ्या, दुरुस्ती करू नका. सायरनबद्दल विचारलं तर सांगा: वरखाली होणारा आवाज म्हणजे इशारा, एकसारखा लांब आवाज म्हणजे धोका टळला.

परदेशात अडकलेल्यांच्या घरच्यांना घड्याळ समजावून सांगितलं तरी निम्मा ताण उतरतो. आपल्यापेक्षा इराण दोन तास मागे, दुबई दीड, सौदी आणि कुवेत अडीच, युक्रेन आणि इस्रायल उन्हाळ्यात अडीच तर हिवाळ्यात साडेतीन. दर दहा मिनिटांनी फोन लावला तर तिकडच्या मुलाची बॅटरी संपते, आणि तीच त्याची जीवनरेषा आहे. दिवसातून दोन वेळा ठरवून 'बरा आहे' एवढाच संदेश, असं घरात ठरवायला लावा. परत आणण्याची मोहीम सुरू झाली की परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशातला दूतावास नंबर जाहीर करतात. युक्रेनसाठी २०२२ मध्ये ऑपरेशन गंगा, सुदानसाठी २०२३ मध्ये कावेरी, इराण-इस्रायलसाठी २०२५ मध्ये सिंधू. दर वेळी नंबर वेगळे असू शकतात, म्हणून जुना फॉरवर्ड केलेला नंबर देऊ नका, मंत्रालयाच्या अधिकृत पानावरून घ्या. त्या वेळी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत, कॉलेजचा किंवा कंपनीचा पत्ता आणि तिकडचा चालू नंबर हाताशी लागतो. हे घरच्यांना आजच एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा. हाताला काम मिळालं की जीवही थोडा थाऱ्यावर येतो.

मुलांचे फोन कमी, पण मुलांबद्दलचे बरेच. अंथरूण ओलं होणं, आईला न सोडणं, विमानाच्या आवाजाला दचकणं. सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आणि विमानतळ आहे, तिथल्या आसपासच्या गावांत हे जास्त. पालकांना सांगण्यासारखं थोडकं आहे: बातम्या बंद, झोपायची वेळ तीच, प्रश्न विचारला तर खरं पण दोन वाक्यांत उत्तर.

८. जिवाचा धोका

'आता जगून काय करू', 'तो आला नाही तर मीपण', 'दाव्याची जनावरं भावाला दिली' असं काही ऐकू आलं तर सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून हलकं वाटतं. 'तसलं काही मनात नाही ना तुमच्या?' असं विचारू नका, त्याला 'नाही' हेच उत्तर येतं.

उत्तर 'हो' असेल तर पुढे: कधीपासून? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन आत्ता जवळ आहे का? एकटे आहात का? ठरवलंय आणि साधन जवळ आहे, हे दोन्ही असलं की धोका मोठा.

तेव्हा हे करायचं. फोन ठेवायचा नाही. पाळीतल्या दुसऱ्याने दुसऱ्या हँडसेटवरून ११२ किंवा १०८ लावायचा. तुम्ही फोन करणाऱ्याला लपवाछपवी न करता सांगायचं: 'मला तुमची काळजी वाटतेय, मी मदत बोलावतेय, ती येईपर्यंत मी इथेच आहे.' गोपनीयतेचा नियम इथे संपतो आणि हे स्वयंसेवकाच्या सहीच्या पत्रात आधीच लिहिलेलं असावं. दरम्यान साधन लांब करायला लावा. आपल्या भागात ऊस, तंबाखू, द्राक्षाची शेती, घरोघरी फवारणीची औषधं. ती खोली कुणालातरी कुलूप लावायला सांगा, किल्ली शेजाऱ्याकडे. विहिरीच्या, रुळाच्या जवळ असतील तर आधी तिथून घरात यायला सांगा.

धोका आहे पण लगेचचा नाही, असं असेल तर तुमच्या लाईनवरच टेली मानस लावून देण्याचं ठरवा, घरातल्या एका माणसाचं नाव घ्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ पक्की करा.

'पोलीस केस होईल' या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, त्यासाठी तिला शिक्षा करायची नसते. हे एक वाक्य पाठ ठेवा.

९. फोन ठेवणं आणि वही

वीस ते तीस मिनिटं पुरेत. शेवटच्या पाच मिनिटांत सांगा, 'अजून पाच मिनिटं बोलू आपण.' आजची रात्र काढायचा एकच बेत ठरवा: कुणाजवळ झोपणार, काय खाणार, टीव्ही कधी बंद. उद्याचं, परवाचं नको. मग १४४१६ त्यांच्याकडून लिहून घ्या आणि परत वाचून दाखवायला लावा.

वहीत फक्त: अनुक्रमांक, तारीख, वेळ, भाषा, बाई-पुरुष, कशाबद्दल (दोन शब्द), धोका हो/नाही, कुठे पाठवलं. नाव, गाव, मोबाईल नंबर नाही. हँडसेटमधला कॉल लॉग पाळी संपताना पुसा, फक्त परत फोन करायचं ठरलेला नंबर बंद पाकिटात ठेवा. लहान गावात 'पाटील गल्लीतली, मुलगा सैन्यात' एवढ्यावरून माणूस ओळखता येतं.

दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कामावर जाता येत नाही, भास होतात, दारू वाढलीय, तर डॉक्टरकडे पाठवायचं. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मानसोपचार तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, बहुतेक मंगळवारी. वार आधी विचारून मगच सांगा, खेडेगावातून बस बदलत आलेलं माणूस परत गेलं की पुन्हा येत नाही. जाताना आधार कार्ड, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि घरचं एक माणूस.

१०. ऐकणाऱ्यांची देखभाल

पाळी संपल्यावर दोघांनी पंधरा मिनिटं बसायचं. काय जड गेलं, एवढंच. फोन करणाऱ्याचा तपशील नाही. आठवड्यातून एकदा शिकवणाऱ्या समुपदेशकाबरोबर तासभर. लागोपाठ दोन दिवस पाळी नाही. जिवाच्या धोक्याचा फोन घेतलेल्या माणसाला त्या रात्री एकटं घरी पाठवायचं नाही आणि पुढची पाळी त्याने मागितली तरच द्यायची. स्वयंसेवकानेही १४४१६ लावावा, त्यासाठीच तो आहे.

११. लाईन बंद करायची वेळ

गोळीबार थांबला म्हणून दुसऱ्या दिवशी फोन बंद करू नका. धोका असेतो माणूस ताठ उभं असतं, नंतर कोसळतं. जवान रजेवर घरी आला, पण बोलत नाही, रात्री उठून अंगणात बसतो, असे फोन महिना-दोन महिन्यांनी येतात. किमान तीन महिने लाईन चालू ठेवा, हवं तर आठवड्यातून दोन दिवस करा.

बंद करण्याआधी पंधरा दिवस फलकावर तारीख लावा आणि प्रत्येक फोनवर तोंडी सांगा. नेहमी फोन करणाऱ्या तीन-चार माणसांना टेली मानसवर किंवा तालुक्याच्या समुपदेशकाकडे नेऊन सोडा, पहिल्या वेळी बरोबर राहा. वहीतले आकडे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, वही दोघांच्या समोर जाळा. फलक उतरवा, पण त्यावरचा १४४१६ कापून त्याच भिंतीवर परत चिकटवा.